सुताराचा मुलगा वॉल्टर टल



ज्या सरांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी कोल्हापुरात जमतो, त्यांच्या हाताखाली मी तीन हंगाम खेळलो. नवा पोरगा सरावाला आला की सर त्याला लगेच बॉल देत नसत. आधी विचारायचे, "घरात कोण कोण हाईत? वडील काय करतात?" उत्तर मुकाट्याने ऐकून घ्यायचे. मग कुणाला सराव संपल्यावर ग्लासभर दूध मिळायचं, कुणाला पेपर टाकायला जायचं असायचं म्हणून लवकर सोडलं जायचं. खेळाचं बोलणं त्यानंतर.

आज मी तेच दोन प्रश्न घेऊन आलो आहे. ज्याच्याबद्दल ते विचारायचे आहेत, तो खेळाडू १९१८ सालच्या मार्च महिन्यात फ्रान्समध्ये लढाईत पडला. तीस वर्षं पुरी व्हायला त्याला महिनाभर उरला होता. त्याचं नाव वॉल्टर टल.

इंग्लंडमध्ये टलविषयी आता बरंच लिहिलं जातं. कुणी त्याला रणवीर म्हणून रंगवतो, कुणी वर्णद्वेषाचा बळी म्हणून. दोन्हीत तथ्य आहे. पण हे वाचताना मला राहून राहून वाटतं की माणूस मैदानातून थेट खंदकात गेला, मधलं घर कुठे गेलं? त्या घराची गोष्ट कळली की टलने फुटबॉलला पोटाचा धंदा का केला, हेही कळतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. इंग्लंडचा पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणून टलचं नाव कधी कधी सांगितलं जातं, ते बरोबर नाही. तो मान आर्थर व्हार्टनचा. व्हार्टनचा जन्म १८६५ साली आजच्या घाना देशातल्या आक्रा शहरातला. तो गोलकीपर होता आणि धावपटूही. १८८६ मध्ये त्याने शंभर यार्ड दहा सेकंदांत कापले होते. १८८९ साली तो रॉदरहॅम टाउनकडे पगारी खेळाडू म्हणून रुजू झाला. उतारवयात तो कोळशाच्या खाणीवर कामाला होता. १९३० मध्ये वारला, आणि त्याच्या थडग्यावर नावाचा दगड बसायला १९९७ साल उजाडलं. व्हार्टनवर खरं तर स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवं.

आता टलच्या घराकडे वळू.

वॉल्टरचे वडील डॅनियल टल. जन्म १८५६ च्या सुमाराचा, वेस्ट इंडिजमधल्या बार्बाडोस बेटावरचा. आपल्याला बार्बाडोस ठाऊक आहे ते सोबर्स, हॉल, ग्रिफिथ, मार्शल या क्रिकेटपटूंचं बेट म्हणून. त्याआधी ते साखरेचं बेट होतं. उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या राबत होती आणि तीही मालमत्तेतच मोजली जात होती. डॅनियलचा बाप त्या गुलामांपैकी एक. १८३४ मध्ये कायद्याने गुलामगिरी संपली, पण मळ्यावरच्या माणसांना 'उमेदवारी'च्या नावाखाली आणखी चार वर्षं त्याच मालकांकडे राबावं लागलं. ब्रिटिश सरकारने मालकांना दोन कोटी पौंडांची नुकसानभरपाई दिली. राबलेल्यांच्या हातावर त्यातलं काहीच पडलं नाही. आपण उसाच्या पट्ट्यातली माणसं आहोत. उसाचा फड म्हणजे काय कष्ट, ते इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

डॅनियल सुतारकी शिकला. माझ्या मते या कुटुंबाच्या इतिहासातली ही सगळ्यांत मोठी घटना आहे. हातात कसब आलेला माणूस मळ्याला बांधलेला राहत नाही. हत्यारांची पेटी उचलून तो दुसऱ्या गावी जाऊ शकतो. डॅनियल १८७६ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, केंट परगण्यातल्या फोकस्टन या बंदरगावी आला आणि तिथंच स्थिरावला. तिथल्या वेस्लियन मेथडिस्ट चर्चमध्ये तो जाऊ लागला. १८८० मध्ये त्याने ॲलिस पामर या केंटमधल्याच मुलीशी लग्न केलं. तिच्या घरचे शेतावर राबणारे लोक. शेतमजुराच्या घरातली गोरी मुलगी आणि बार्बाडोसचा काळा सुतार यांचा संसार एका लहान इंग्रजी गावात उभा राहिला आणि टिकला. त्यांना सहा मुलं झाली, त्यातली एक तान्ही असतानाच गेली. उरलेली पाच म्हणजे विल्यम, सिसिलिया, एडवर्ड, वॉल्टर आणि एल्सी. वॉल्टरचा जन्म २८ एप्रिल १८८८ चा.

१८९५ मध्ये ॲलिस कर्करोगाने गेली. वॉल्टर सात वर्षांचा होता. पुढच्या वर्षी डॅनियलने ॲलिसच्याच चुलत बहिणीशी, क्लाराशी, लग्न केलं. त्यांना मिरियम नावाची मुलगी झाली. आणि १८९७ च्या डिसेंबरात हृदयविकाराने डॅनियलही गेला.

इथे मला जरा थांबायचं आहे. आपल्याकडे सावत्र आई म्हटलं की कपाळावर आठी पडते. क्लाराची बाजू कुणी मांडत नाही, म्हणून मी मांडतो. लग्नाला दोन वर्षंही न झालेली ही बाई. मांडीवर स्वतःचं तान्हं मूल, भोवती दुसरीची पाच मुलं, मिळवता माणूस गेलेला. सरकारी मदत म्हणजे गरीब-कायद्याखालची स्थानिक समिती, आणि तिचं गरिबांना राबवून घेणारं वर्कहाउस, जिथे गेल्यावर माणसाची पत संपायची. तिने हिशेब मांडला असणार. थोरला विल्यम कमावता होऊ शकत होता. मुली घरकामात आणि लहानग्या मिरियमला सांभाळायला हाताशी येणार होत्या. मधले दोन मुलगे, एडवर्ड अकरा वर्षांचा आणि वॉल्टर नऊ, खाणारे होते पण कमावणारे नव्हते.

फेब्रुवारी १८९८ मध्ये हे दोघे लंडनच्या बेथनल ग्रीन भागातल्या मेथडिस्ट अनाथाश्रमात दाखल झाले. स्थानिक समितीने प्रत्येक मुलामागे आठवड्याला चार शिलिंग द्यायचं कबूल केलं. क्लाराने मुलं टाकली असं कुणी म्हटलं तर मी ते मान्य करणार नाही. रस्त्यावर किंवा वर्कहाउसात जाऊ न देता तिने त्यांना नवऱ्याच्या चर्चने चालवलेल्या आश्रमात पोहोचवलं. हे करताना त्या बाईच्या पोटात काय कालवलं असेल, ते इथल्या आयाबायांना कळेल.

हा आश्रम थॉमस बोमन स्टीफन्सन या धर्मोपदेशकाने १८६९ साली सुरू केला होता. तिथे शिस्त कडक होती. मुलांना एखादा धंदा शिकवून पायावर उभं करायचं, ही रीत होती. वॉल्टर छापखान्याचं काम शिकला. आश्रमाचं एक गायकपथक होतं, ते गावोगाव फिरून आश्रमासाठी निधी गोळा करायचं. एडवर्डचा गळा चांगला, म्हणून तो त्या पथकात. या पथकाच्या ग्लासगोच्या फेरीत तिथल्या वॉर्नॉक नावाच्या कुटुंबाने त्याला पाहिलं आणि १९०० साली दत्तक घेतलं.

आई गेली, वडील गेले, घर सुटलं आणि बाराव्या वर्षी सख्खा भाऊही दुसऱ्या देशात म्हणावं इतका दूर गेला. वॉल्टर आश्रमात एकटा उरला. या पोराला फुटबॉलने काय दिलं असेल? मला वाटतं, दहा जणांची सोबत दिली. आश्रमाच्या संघातून तो खेळू लागला.

१९०८ मध्ये वॉल्टर पूर्व लंडनच्या क्लॅप्टन या हौशी संघात गेला. त्याच हंगामात क्लॅप्टनने एफए ॲमॅच्युअर कप, लंडन सीनियर कप आणि लंडन काउंटी ॲमॅच्युअर कप, असे तिन्ही करंडक जिंकले. 'फुटबॉल स्टार' या वृत्तपत्राने त्या हंगामात गवसलेला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचं नाव घेतलं. मग टॉटेनहॅम हॉटस्परने त्याला बोलावलं. १९०९ च्या उन्हाळ्यात तो त्यांच्याबरोबर अर्जेंटिना आणि उरुग्वेच्या दौऱ्यावर गेला आणि व्यावसायिक करारावर सही केली.

त्या सहीचा अर्थ नीट समजून घेऊ. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने पैसे घेऊन खेळायला मान्यता दिली ती १८८५ साली, तीही नाइलाजाने. मोठ्या शाळांत शिकलेली वरच्या वर्गातली मंडळी म्हणायची की खेळ हौसेसाठी असतो, पैसे घेतले की तो बाटला. गिरणीत आणि खाणीत काम करणाऱ्या माणसाला ही हौस परवडत नव्हती. शनिवारी मॅचसाठी सुट्टी घेतली की मजुरी बुडायची. पगाराची मागणी पोटातून आली होती. पगार मिळू लागला तेव्हा १९०१ पासून त्यावर मर्यादा घातली गेली, आठवड्याला जास्तीत जास्त चार पौंड. करार करताना वर दहा पौंड. कुशल कारागिराच्या कमाईच्या साधारण दुप्पट हा पैसा होता, पण गुडघा गेला की सगळं गेलं. १९०७ मध्ये खेळाडूंनी आपली संघटना उभी केली. १९०९ च्या उन्हाळ्यात ती मोडायचा प्रयत्न झाला, मँचेस्टर युनायटेडचे खेळाडू अडून बसले आणि हंगाम सुरू होईल की नाही अशी वेळ आली. टलने व्यावसायिक म्हणून पहिलं पाऊल टाकलं ते नेमकं या दिवसांत. ही कमाल पगाराची मर्यादा उठायला पुढे १९६१ साल यावं लागलं.

छापखान्यातलं बिनधोक काम सोडून तो इकडे आला. बापाने सुतारकी शिकून मळा सोडला होता, मुलगा पायातल्या कसबावर पोट भरायला निघाला.

टॉटेनहॅम त्या वर्षी प्रथमच पहिल्या विभागात आलं होतं. सप्टेंबर १९०९ मध्ये सुंदरलँडविरुद्ध टल पहिला सामना खेळला. घरच्या मैदानावरचा पहिला सामना मँचेस्टर युनायटेडशी, म्हणजे त्या वर्षीच्या एफए कप विजेत्यांशी. तो आतला डावा फॉरवर्ड. वेगापेक्षा डोकं वापरणारा, डोळे वर ठेवून पास देणारा खेळाडू, असं त्याचं वर्णन मिळतं.

ऑक्टोबर १९०९ मध्ये ब्रिस्टल सिटीच्या मैदानावर प्रेक्षकांतल्या एका टोळक्याने त्याच्या रंगावरून शिव्यांचा मारा केला. 'फुटबॉल स्टार'च्या बातमीदाराने हे झाकून ठेवलं नाही. ओरडणाऱ्यांना त्याने सरळ गुंड म्हटलं. मासळीबाजारातही कानावर येणार नाही अशी ती भाषा होती, असं लिहिलं. आणि पुढे लिहिलं की मैदानावरचा सर्वोत्तम फॉरवर्ड टल होता, त्याचा खेळ आणि त्याचं वागणं कुणीही आदर्श मानावं असं होतं. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एका क्रीडा-पत्रकाराने दाखवलेलं हे धैर्य मला फार मोलाचं वाटतं.

पण त्या सामन्यानंतर थोड्याच दिवसांत टल पहिल्या संघातून बाहेर होऊन राखीव संघात गेला. टॉटेनहॅमसाठी तो लीगचे एकंदर दहा सामने खेळला, गोल दोन. राखीव संघात तो गोल करत राहिला, तरी वर बोलावणं क्वचितच आलं. प्रेक्षकांचा त्रास चुकवायला क्लबने खेळाडूलाच बाजूला केलं, असं माझं मत आहे.

१९११ च्या ऑक्टोबरात त्याला नॉर्दम्प्टन टाउनने घेतलं. तिथला व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन. पुढे हडर्सफील्ड आणि आर्सेनल यांना इंग्लंडमधले सर्वश्रेष्ठ संघ करणारा तोच हा चॅपमन. त्या काळी नॉर्दम्प्टन सदर्न लीगमध्ये, म्हणजे एक पायरी खाली. टल पुढून मागे आला, हाफबॅक झाला, आणि तिथं त्याचा खेळ बसला. शंभराहून जास्त सामने तो नॉर्दम्प्टनकडून खेळला. एका सामन्यात चार गोलही केले. त्याच्या आयुष्यातली ही तीन-चार वर्षं मला सगळ्यांत सुखाची वाटतात. नियमित काम, नियमित पगार, गावातली ओळख, आणि ग्लासगोला भावाकडे जाणं-येणं.

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं. तरुण पोरं मरत असताना हे पगारी लोक बॉल कसले लाथाडतात, अशी टीका वर्तमानपत्रांतून होऊ लागली. डिसेंबरात लंडनच्या फुलहॅम टाउन हॉलमध्ये फुटबॉलपटूंची खास पलटण उभी राहिली, मिडलसेक्स रेजिमेंटची १७वी बटालियन. नॉर्दम्प्टनच्या संघातून सर्वांत आधी टलने नाव नोंदवलं. तो सार्जंट झाला. १९१५ च्या अखेरीस पलटण फ्रान्सला गेली. १९१६ च्या मे महिन्यात तोफांच्या माऱ्याने त्याच्या मनावर परिणाम झाला म्हणून त्याला परत पाठवलं गेलं. बरा होऊन तो पुन्हा सोमच्या आघाडीवर गेला. मग खंदकातला ताप. आणि त्यातून उठल्यावर अधिकाऱ्याचं प्रशिक्षण, स्कॉटलंडमध्ये.

३० मे १९१७ रोजी तो सेकंड लेफ्टनंट झाला. त्या वेळच्या लष्करी कायद्याच्या पुस्तकात कृष्णवर्णीयांना आणि इतर गौरेतर माणसांना प्रत्यक्ष हुकमत गाजवायला मनाई होती. तरी माणसांची इतकी हानी झाली होती, आणि टलच्या वरिष्ठांना तो इतका माहीत होता, की नियम बाजूला ठेवला गेला. या बाबतीतही तो पहिला नव्हे; जमैकात जन्मलेला जॉर्ज बेमंड १९१५ मध्येच तोफखान्यात अधिकारी झाला होता. त्याच १९१७ च्या ऑगस्टमध्ये हिंदी माणसालाही किंग्ज कमिशन, म्हणजे गोऱ्यांच्या बरोबरीचं अधिकारीपद, देण्याचा निर्णय सरकारने घेतला. तोवर आपला माणूस जमादार, सुभेदार, फार तर सुभेदार-मेजर व्हायचा, आणि काल भरती झालेला गोरा लेफ्टनंट त्याच्या वर. ज्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसं फौजेत गेली, अशी घरं आपल्या जिल्ह्यात कमी नाहीत. टलच्या गणवेशावरच्या त्या एका ताऱ्याची किंमत त्यांना कळेल.

१९१८ चा जानेवारी. टलची नवी पलटण आता इटलीत होती. पियावे नदी, बर्फासारखं पाणी. टल आपल्या माणसांना घेऊन रात्री पलीकडच्या तीरावर गेला आणि सगळ्यांना सुखरूप परत घेऊन आला. त्याच्या शौर्याची आणि डोकं शांत ठेवण्याची डिव्हिजनचे सेनापती लॉफर्ड यांनी लेखी नोंद केली. मार्चमध्ये पलटण पुन्हा फ्रान्समध्ये आली. जर्मनांची मोठी चढाई सुरू झाली होती. २५ मार्चला बापोमजवळच्या फावरॉय गावापाशी माघार घेताना टलला गोळी लागली. टॉम बिलिंगहॅम नावाच्या शिपायाने भर गोळीबारात त्याचं शरीर ओढून आणायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. टलची कबर नाही. आरासच्या स्मारकावर नाव आहे.

त्याच्या पलटणीतल्या अधिकाऱ्यांची पत्रं ग्लासगोला एडवर्डकडे आली. मिलिटरी क्रॉस या शौर्यपदकासाठी वॉल्टरची शिफारस झाली होती, असं त्यातल्या एका पत्रात होतं. तो क्रॉस त्याला कधीच दिला गेला नाही.

एडवर्डची हकीकत सांगितल्याशिवाय हे घर पुरं होत नाही. वॉर्नॉक दंतवैद्य होते. त्यांनी एडवर्डला शिकवलं आणि तोही दंतवैद्य झाला, ब्रिटनमधला पहिला कृष्णवर्णीय नोंदणीकृत दंतवैद्य. पदवी हातात पडल्यावर तो बर्मिंगहॅमला एका ठिकाणी नोकरीवर रुजू व्हायला गेला. दार उघडणाऱ्या डॉक्टरने त्याचा रंग पाहिला, हा माणूस ठेवला तर आपला दवाखाना बुडेल म्हणाला, आणि परत पाठवलं. एडवर्ड स्कॉटलंडला परतला आणि पुढे ग्लासगोत त्याने आयुष्यभर लोकांचे दात बरे केले. तो गायचा आणि गोल्फही छान खेळायचा. १९५० मध्ये तो वारला. वॉल्टरची पत्रं, फोटो आणि पदकं एडवर्डच्या घरच्यांनी जपून ठेवली, म्हणून आज मी इथं बोलू शकतो. थोरला विल्यमही युद्धावर गेला होता. त्यातूनच जडलेल्या दुखण्याने तो १९२० मध्ये गेला.

१९९९ च्या जुलैत नॉर्दम्प्टन टाउनच्या सिक्सफील्ड्स मैदानाबाहेर वॉल्टरचं स्मारक उभं राहिलं. मैदानाकडे जाणाऱ्या एका रस्त्याला त्याचं नाव आहे. मॅचला जाणारी मुलं त्याच वाटेने जातात.

मित्रहो, आपल्या छत्रपती शाहू स्टेडियमवर हंगाम सुरू झाला की पेठापेठांची ईर्षा पेटते. त्या ईर्षेवर माझं प्रेम आहे, मी तिच्यातच वाढलो. आपल्या तालमींच्या संघांतून आज आफ्रिकेतून आलेले खेळाडूही खेळतात. घर हजारो मैल दूर टाकून ती पोरं आपल्या गावी पायातल्या कसबावर पोट भरायला आली आहेत. गॅलरीतून काय काय ओरडलं जातं ते मी ऐकलं आहे, तुम्हीही ऐकलं आहे. ब्रिस्टलच्या मैदानावर त्या दिवशी हजारो माणसं होती आणि ओरडणारं टोळकं लहान होतं. बाकीच्यांनी त्यांना आवरलं असतं तर टलची टॉटेनहॅममधली वर्षं कदाचित वेगळी गेली असती.

या हंगामात तुमच्या शेजारी बसलेल्या कुणी एखाद्या खेळाडूच्या रंगावरून किंवा जातीवरून आरोळी ठोकली, तर त्याला तिथल्या तिथं थांबवा. तो आपल्याच तालमीचा असला तर आधी थांबवा. आणि सामना संपल्यावर त्या परक्या पोराला गाठून विचारा, घरी कोण कोण आहेत म्हणून. सरांच्या नावाने एवढी विनंती करतो.